घुमटासाठी व्हिसा

माझं माहेर डिचोलीचं. लग्न होऊन मी पेडणे तालुक्यात धारगळला आले आणि जवळच्याच सरकारी प्राथमिक शाळेत शिक्षिका म्हणून लागले. शनिवारी शाळा सुटली की मात्र माझी स्कूटर घरी न वळता डिचोलीचा रस्ता धरते. बाबांच्या अंगणात आम्हा पाच बायकांचा घुमटाचा सराव असतो. बाबांनी जन्मभर शिरगावच्या खाणीवर यंत्रं दुरुस्त केली. खाण बंद पडल्यावर त्यांनी घुमटं बांधायचा जुना नाद पूर्णवेळ सुरू केला. कुंभाराकडून दोन तोंडांचं मातीचं मडकं आणायचं आणि मोठ्या तोंडावर बकऱ्याचं कातडं ताणून बसवायचं. लहान तोंड उघडंच राहतं, वाजवताना त्यावर तळहात झाकून-उघडून सूर खालीवर करायचा. आमच्याकडे चतुर्थीची आरती या वाद्याशिवाय होत नाही.

असाच एक शनिवार होता. आमचा सराव सुरू व्हायचा होता. फाटकातून एक गोरी मुलगी आत आली, खांद्याला चौकोनी पिशवी. हरमलच्या किनाऱ्यावर उतरली होती, तिथल्या कुणी तरी तिला सांगितलं होतं की घुमट बघायचं तर डिचोलीला जा. तिने इंग्रजीत ओळख करून दिली. पोर्तुगालची होती, संगीत शिकत होती, आणि बायका वाजवतात त्या चामड्याच्या वाद्यांवर तिला अभ्यास करायचा होता. मग बाबांकडे वळून ती सहज आपल्या भाषेत म्हणाली, "बोआ तार्द."

बाबांचा दोरी ओढणारा हात थांबला. गोवा मुक्त झाला तेव्हा ते दुसरीत होते, पोर्तुगीज शाळेत. त्यानंतर ती भाषा त्यांच्या तोंडून मी कधी ऐकली नव्हती.

"बोआ तार्द, मेनीना," ते म्हणाले. शुभ दुपार, मुली. आणि मग स्वतःच इतके लाजले की पुन्हा कातड्यात डोकं खुपसलं.

तिच्या पिशवीतून एक चौकोनी डफ निघाला. त्याला ती आदुफ म्हणत होती. तिच्या गावाकडे तो फक्त बायकाच वाजवतात. तिने वाजवून दाखवला तसा आमच्यातल्या कोरगावच्या मैत्रिणीने आपल्या शामेळाच्या काड्या उचलल्या आणि साथ धरली. शामेळ म्हणजे घुमटाचा जोडीदार, दोन बारीक काड्यांनी वाजवायचा लहान ढोल. ही मैत्रीण अंगणवाडीत काम करते, आणि तिच्याइतका पक्का हात आमच्यात कुणाचाच नाही. त्या दुपारी आमचा सराव काही झाला नाही, पण कुणी घरी जायचं नावही घेईना.

आठवड्याभरात ती मुलगी हरमलचं हॉटेल सोडून बाबांच्या घरी बाजूच्या खोलीत राहायला आली. परदेशी पाहुणा घरात राहिला तर त्याची ऑनलाइन नोंद करून पोलिसांना कळवावं लागतं. ती मी त्याच दिवशी केली. शेजारच्या काकी म्हणाल्या, "आगो, आपल्या घरात पाहुणी आयली तर पोलिसांक कित्याक सांगूक जाय?"

"काकी, लपवायचं नसेल तर सांगायला काय हरकत आहे?" मी म्हटलं.

ती आमच्यात लवकर रुळली. सकाळी पोदेर, म्हणजे आमचा पाववाला, सायकलचा भोंपू वाजवत आला की तीच धावत जाऊन पाव आणायची. घरात फिरून एकेका वस्तूवर बोट ठेवायची आणि बाबा नाव सांगायचे. जनेल, मेज, कुलेर, साबण. प्रत्येक शब्दाला ती टाळी वाजवायची, कारण खिडकी, टेबल, चमचा आणि साबण यांना तिच्या घरीही जवळपास हेच म्हणत. बाबांना या खेळाची इतकी गोडी लागली की आठवलेला शब्द सांगायला ते तिला न्हाणीघराच्या दाराबाहेरून हाक मारायचे. घुमट मात्र तिला सोपं गेलं नाही. डावा तळहात कधी उघडायचा हेच तिला कळेना. बाबा म्हणायचे, "हातान नको, पोटान मोज." आणि ती खरोखर पोटावर हात ठेवून बसायची.

दिवस भराभर गेले आणि तिच्या व्हिसाची मुदत संपत आली. ती पर्यटक म्हणून आली होती. एका संध्याकाळी तिने मला आनंदाने सांगितलं की किनाऱ्यावरच्या एका रेस्टॉरंटने तिला रोज वाजवायला बोलावलं आहे. पगार देतील, आणि व्हिसाचं तेच काही तरी बघतील.

मला ते 'काही तरी' आवडलं नाही. तोवर गावातल्या प्रत्येकाने तिला एकेक युक्ती सुचवून झाली होती. कुणी म्हणे नेपाळला जाऊन परत ये. कुणी म्हणे राहा तशीच, मोरजीत कितीक जण राहतात. एका मावशींनी तर माझ्या बिनलग्नाच्या चुलतभावाचं नावच पुढे केलं. तो बिचारा ते ऐकून आठवडाभर आमच्या गल्लीतून गेला नाही.

मी शाळेत रोज मुलांना सांगते, आधी सूचना वाचा आणि मग उत्तर लिहा. म्हणून मी सरकारी संकेतस्थळ उघडलं आणि तिच्या व्हिसाचे नियम पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचले. जेवढं वाटतं तेवढं ते अवघड नव्हतं. पर्यटकाने फिरावं, ओळखीपाळखीच्यांना भेटावं, हौसेने थोडे दिवस एखादी कला किंवा भाषासुद्धा शिकावी. म्हणजे बाबांच्या अंगणातलं तिचं शिकणं नियमात बसत होतं. पण पगार घ्यायचा नाही आणि प्रमाणपत्र मिळेल असा अभ्यासक्रम करायचा नाही. तो व्हिसा इथं बसून वाढत नव्हता आणि इथल्या इथं विद्यार्थी व्हिसात बदलतही नव्हता. विद्यार्थी म्हणून यायचं तर इथल्या मान्यताप्राप्त संस्थेने आधी प्रवेश द्यायला हवा आणि अर्ज आपल्या देशातून करायला हवा. तिसरी एक वाट होती. दोन विद्यापीठांचा करार असेल तर देवाणघेवाणीतला विद्यार्थी म्हणून सहा महिने, वर्ष येता येतं. व्हिसा तोही विद्यार्थ्याचाच, फक्त मागे दोन्हीकडच्या संस्था उभ्या असतात.

पुढच्या शनिवारी मी तिला समोर बसवून हे सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "मुदत संपायच्या आत तू घरी जा. तिथून नीट अर्ज कर आणि परत ये."

तिचा चेहरा पडला. "तुम्हालाही मी इथून गेलेलीच हवी आहे," ती म्हणाली आणि खोलीचं दार लावून घेतलं. त्या रात्री मी माहेरीच राहिले होते, पण ती जेवायला आली नाही. मी काही समजूत घालायला गेले नाही. मी बरोबर सांगितलं आहे याची मला खात्री होती, तरी तिचं ताट मी झाकून ठेवलं.

सकाळी बाबा तिच्या दाराशी गेले. हातात चहाचा कप आणि त्यावर झाकलेला उंडा, म्हणजे आमच्याकडचा गोल पाव. तिला कोकणी-मराठी थोडी थोडी कळायला लागली होती.

"चेडवा," लेकीला हाक मारावी तसे ते म्हणाले, "चोराक मागलें दार लागता. तुका मुखलें दार उगडें आसा. जा, आनी मुखल्या दारान परत ये."

तिने मला विचारलं, मुखलें म्हणजे काय. मी म्हटलं, समोरचं. तिने पावाचा तुकडा मोडला. रेस्टॉरंटवाल्याला तिने स्वतःच नाही सांगितलं. मुदतीच्या चार दिवस आधी आम्ही तिला मोपाच्या विमानतळावर सोडलं. बाबांनी एक लहान घुमट तिच्या मांडीवर ठेवलं आणि बजावलं की हे सामानात टाकायचं नाही, मूल न्यावं तसं न्यायचं.

पुढचे कित्येक महिने तिच्याकडून फक्त सणावाराचे संदेश आले. मी मनाशी म्हटलं, माणसं अशीच येतात नि जातात. आणि एक दिवस शाळेच्या मधल्या सुट्टीत तिचा फोन आला. तिच्या विद्यापीठाचा गोव्यातल्या एका संस्थेशी करार होता, तो तिनेच शोधून काढला होता. आपल्या प्राध्यापकांच्या मागे लागून तिने आपलं नाव पुढे पाठवलं होतं, इथून प्रवेशाचं पत्र गेलं होतं आणि विद्यार्थी व्हिसाचा शिक्का आदल्या दिवशीच पडला होता. ती इतक्या भरभर बोलत होती की मला दोनदा थांबवावं लागलं.

जुलैत ती आली. आल्यावर पणजीला जाऊन परदेशी विद्यार्थ्यांची नोंदणी केली, तेव्हा मी बरोबर गेले होते. रांगेत ती ताठ मानेने उभी होती. चतुर्थीला बाबांच्या घरी आरतीला तिने घुमट घेतलं. पहिल्या आरतीत दोनदा चुकली आणि दुसरीत एकदाही नाही. बाबा गणपतीकडे बघायचं सोडून तिच्या डाव्या हाताकडे बघत होते.

तिचं सत्र संपून ती परत गेली, आणि काही महिन्यांनी तिच्या गावच्या नगरपालिकेचं पत्र आलं. तिथं आदुफ वाजवणाऱ्या बायकांचा मेळावा भरतो, त्यासाठी आम्हा पाचजणींना आणि बाबांना बोलावलं होतं. राहणं, जेवणखाण त्यांच्याकडे. आता व्हिसा मागायची पाळी आमची होती.

बातमी फुटली तशी पहिला फोन माझ्या धाकट्या दिराचा. तो पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला गेलेला. मुक्तीच्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना तो हक्क आहे, आणि आमच्या भागातून त्या वाटेने गेलेले घरटी एक सापडतील. त्याने आपल्या संसारासाठी तो निर्णय घेतला, कष्ट केले, माणूस सोन्यासारखा आहे.

"वहिनी, व्हिसाच्या रांगेत कशाला उभी राहतेस?" तो म्हणाला. "तुझ्या बाबांचा जन्म त्या काळातला. नोंद करून टाक. थोडा वेळ लागेल, पण मग जन्मभर व्हिसा मागायला नको."

"आणि इथला पासपोर्ट?"

"तो सोडावा लागेल. पण काय फरक पडतो?"

"मला पडतो रे," मी म्हटलं. "माझी शाळा आहे, मतदान आहे. आणि मला तिथं दहा दिवस घुमट वाजवायचं आहे. तेवढ्यासाठी देश कशाला बदलू?"

तो हसला. "तुझं गणित वेगळं आहे."

"हो ना. तुझं तुला बरोबर आलं, माझं मला."

मी सगळ्यांच्या फायली एका मेजावर मांडल्या. नगरपालिकेचं बोलावणं, शाळेची रजा मंजूर झाल्याचं पत्र, प्रवासाचा विमा, जायच्या-यायच्या तिकिटांचं आरक्षण. जाण्याचं कारण प्रत्येकीने एकच लिहायचं ठरलं, कारण ते खरंच एक होतं: सांस्कृतिक मेळाव्यात वादन. कोरगावच्या मैत्रिणीच्या नवऱ्याला मात्र म्हापशाच्या एका एजंटने पटवलं की वादनबिदन लिहाल तर अडकाल, सरळ 'पर्यटन' लिहा, हॉटेलचं बुकिंग मी जोडतो. आमच्या आधी त्याने तिचा अर्ज देऊनही टाकला. तिच्या कागदांत एकीकडे हॉटेल आणि दुसरीकडे, तिने स्वतः भाबडेपणाने जोडलेलं, नगरपालिकेचं बोलावणं. दोन्हींचा मेळ बसेना. प्रवासाचा हेतू स्पष्ट होत नाही, असं कारण देऊन अर्ज परत आला.

ती फाईल घेऊन माझ्या घरी आली आणि पायरीवर बसून रडली. आम्ही पुन्हा अर्ज केला, या वेळी सरळ आणि खरा, पण मेळाव्याच्या आत निकाल येण्याएवढे दिवस उरले नव्हते. अर्ज मुळात माझ्या मेजावरून गेला असता तर, असं ती एकदाही म्हणाली नाही. आपला शामेळ तिने माझ्या हातात दिला. "त्या पोरीक दी," म्हणाली. "तिका येता थोडो थोडो."

बाबांना पणजीच्या पोर्तुगीज वकिलातीतून मुलाखतीचं बोलावणं आलं. मी बरोबर गेले. समोरचे अधिकारी गोव्याचेच होते, वयाने माझ्याएवढे. त्यांनी बाबांच्या पासपोर्टवरची जन्मतारीख बघितली, पुन्हा बघितली आणि कोकणीत विचारलं, "बाबा, तुमचो जल्म मुक्ती आदलो. तुम्ही नागरिकत्व मागूं शकतात. व्हिसा कित्याक मागतात?"

मी तोंड उघडणार तोच बाबांनी हाताने मला थांबवलं.

"माका थंय राहूंक जायचं नाय," ते म्हणाले. "पाहुणो म्हणून जायचं आसा. पाहुण्याक मान मिळता. घरच्याक कोण विचारता?"

अधिकाऱ्यांनी हसू आवरायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. "थंय तुम्ही काय करतले?"

"हीं वाजयतलीं. हांव घुमटां सांबाळतलो."

आठवड्याभराने आम्हा पाचजणांचे पासपोर्ट शिक्क्यांसह परत आले. बाबांनी आपलं ते पान चष्मा लावून वाचलं आणि पासपोर्ट देवघरातल्या गणपतीसमोरच्या चौरंगावर ठेवला. मेळाव्याला निघेपर्यंत तो तिथंच होता.

लिस्बनच्या विमानतळावर रात्रभरच्या प्रवासाने आमचे चेहरे सुकले होते आणि प्रत्येकीच्या कडेवर एक मडकं. पासपोर्ट तपासणाऱ्या खिडकीतल्या तरुणाने विचारलं, कशासाठी आलात. मी बोलावण्याचं पत्र पुढे केलं. त्याने माझ्या हातातल्या घुमटाकडे बोट दाखवलं, तशी मी चार बोल वाजवून दाखवले. मागच्या रांगेतलं एक तान्हं बाळ दचकून रडायला लागलं. त्याने घाईघाईने शिक्का मारला.

ती मुलगी बाहेर उभी होती. शामेळ तिच्या हातात दिला आणि कुणी पाठवला ते सांगितलं, तेव्हा ती बराच वेळ त्या काड्याच बघत राहिली.

तिचं गाव दगडी टेकडीवर होतं. मेळाव्यात काळ्या कपड्यातल्या म्हाताऱ्या बायका चौकोनी डफ छातीशी धरून वाजवत होत्या, आणि त्यांच्या ठेक्यात मला आमच्या आरतीची चाल ऐकू येत होती. आम्ही वाजवायला उभ्या राहिलो तेव्हा सुरुवातीला लोक नुसते बघत होते. आमच्या त्या मुलीने शामेळ सुरू केल्यावर म्हाताऱ्यांपैकी एकीने आपला डफ उचलला, मग दुसरीने, आणि मग आम्ही कुणाची साथ करतोय आणि कोण आमची करतंय हे कळेनासं झालं. इतकं मोकळं मी आयुष्यात कधी वाजवलं नाही.

वादन संपल्यावर काठी टेकत एक खूप म्हातारा गृहस्थ बाबांपाशी आला. गोव्याचे लोक येणार असं ऐकून तो शेजारच्या गावाहून नातीला घेऊन आला होता. विशीत असताना सक्तीच्या सैनिकी नोकरीवर त्याला गोव्याला पाठवलं होतं, आणि काही महिने तो डिचोलीतच होता. आमची आदुफवाली मुलगी मध्ये बसून दोघांचं बोलणं एकमेकांना सांगत होती.

"डिचोली," तो म्हणाला, अगदी आमच्यासारखं नाही, पण ओळखू येईल असं. मग विचारलं, बाजाराजवळचा ओढा अजून वाहतो का.

"पावसात वाहता," बाबा म्हणाले. आणि पुढे म्हणाले, "आमी भुरगीं तुमच्या बुटांचो आवाज ऐकून घरात पळायचीं."

मुलगी अडखळली. तिला ते सांगायचं नव्हतं. बाबा म्हणाले, "सांग, सांग. खरां तें सांग."

तिने सांगितलं. म्हाताऱ्याने मान डोलावली, आणि मग हळूहळू बोलला. ती आम्हाला सांगत होती: "ते म्हणतात, मला तिथं कुणी बोलावलं नव्हतं. मलाही जायचं नव्हतं. उन्हात पहारा करताना एका घरातल्या बाईने एकदा न बोलता पाण्याचा तांब्या बाहेर ठेवला होता. तिला धन्यवाद म्हणायचं राहून गेलं."

बाबांनी त्याच्या काठीवरच्या हातावर आपला हात ठेवला. माझ्या बापाला मी कुणा परक्याला असा हात लावताना पाहिलं नव्हतं.

"आतां ये," ते म्हणाले. "हांव बोलयतां तुका. आमच्या घरा."

म्हातारा हसला. या वयात विमान कसलं, असं काही तरी म्हणाला, आणि वर, व्हिसा कोण देणार?

"तें माजें चेडूं पळयतलें," बाबांनी माझ्याकडे बोट करून सांगितलं, जणू मीच तो देते.

तो आला नाही, येऊ शकणारही नव्हता. आम्ही परतलो, शाळा सुरू झाली. कोरगावच्या मैत्रिणीचा दुसरा अर्ज मंजूर होऊन आला होता, उशिरा. त्या पासपोर्टकडे बघून ती हसली आणि म्हणाली की पुढच्या मेळाव्याला पुन्हा काढू, आता वाट ठाऊक झाली.

गेल्या महिन्यात त्या म्हाताऱ्याच्या नातीने मला लिहिलं. आजोबांनी सांगितलेलं गाव तिला बघायचं आहे, आणि जमलं तर काही दिवस घुमटही शिकायचं आहे. कोणता व्हिसा मागू? मी उलट विचारलं, किती दिवस येणार, प्रमाणपत्र हवं आहे का, आणि कुठलं काम करायचा विचार नाही ना? काही आठवडे, प्रमाणपत्र नको, काम नाही, असं तिचं उत्तर आलं.

मग मी तिला लिहिलं की पर्यटक व्हिसा पुरे आहे, कारण खरं तेच लिही, आणि बाबांच्या घरचा पत्ता खाली दिला.